टुर्नामेंटची रेती

आम्ही दोघा नवरा-बायकोनं मिळून शेवटचं जे काम केलं ते तुरीच्या शेंगा सोलायचं. सकाळचं ऊन अंगणात आलं होतं. ती भिंतीला टेकून पाय पसरून बसलेली, मी खाटेच्या काठावर, आणि मधात सूप. तिचा हात माझ्यापेक्षा जलद चालायचा. माझ्या हातून एखादा किडका दाणा सुपात गेला की ती तो बरोबर उचलायची आणि माझ्याच अंगावर फेकायची.

आदल्या दिवशी क्लबातला कारकून टुर्नामेंटचा पास आणि एक टोपी देऊन गेला होता. दरवर्षी देतात. पांढरी टोपी, समोर छज्जा, त्यावर क्लबाचं चिन्ह. टोपी खाटेवर पडली होती. हिनं उचलली, पदरावरूनच डोक्यात घातली आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली.

"अवं, काढ ते. मळन."

"काहून? तुमच्या टुर्नामेंटची रेती मी नाही चाळली काय? मले तं आजवर कोणं टोपी देली नाही."

"पाह्यजे तं घे मंग. मी तशीबी घालतो कुठी."

"ऊन लागून राहिलं म्हून घातली. तुमची इज्जत नाही नेऊन राहिली मी."

गल्लीतून जाणारी शेजारीण फाटकाशी थांबली. "काय काकू, गोल्फ खेळायले चालल्या काय?"

"हो ना माय. या बुढ्यानं जलमभर दुसऱ्याचा खेळ पाह्यला. आता मीच खेळतो म्हणलं."

शेजारीण हसत गेली. ही पण हसली, आणि हसता हसता छातीवर हात ठेवला. म्हणाली, जळजळून राहिलं, सकाळचा चहा बाधला वाटते. जराशी पडतो, मंग सोले शिजवतो. डोक्यातली टोपी काढून सुपातल्या दाण्यांवर पालथी घातली आणि आत जाता जाता म्हणाली, "दाण्यायवरची टोपी काढू नका. माश्या बसतात."

हे तिचं शेवटचं बोलणं. लेकीनं मला विचारलं, आई शेवटी काय म्हणली? मी सांगितलं, काही नाही म्हणली. तुरीच्या दाण्यांचं आणि माश्यांचं कसं सांगू?

मी उन्हात बसलो, डोळा लागला. जाग आली तेव्हा भूक लागली होती. ते आधीच लिहून टाकतो. तिला काय झालं ते पाहायला मी आत गेलो नाही. भूक लागली म्हणून गेलो. हाक मारली, काही बोलली नाही, तर खांदा हलवला. गल्लीच्या तोंडाशी डॉक्टर आहे, त्याला शेजारच्यांनी आणलं. त्यानं नाडी पाहिली, डोळे पाहिले, आणि मला काका म्हणून बाजूला घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या हातून जे झालं त्याची मला लाज वाटते. माझी लेक अकोल्याला जुन्या शहरात दिलेली आहे, एकुलती एक. तिला त्या सकाळी एकच गोष्ट पाहायची होती, की आई तिच्यावर रुसून गेली की नाही. ती गोष्ट मी तिला पाहू दिली नाही. मुद्दाम केलं असतं तर निदान भांडता आलं असतं. मुद्दाम नाही केलं. काहून झालं ते कळायला टुर्नामेंट सांगावी लागते, कारण माझा हात तिथंच शिकला.

आमच्या अमरावतीला गोल्फ आहे हे अमरावतीच्याच लोकांना माहीत नसते. कॅम्पाच्या पुढं, टेकडीच्या अंगाला ते मैदान आहे, साहेब लोकांच्या काळापासूनचं. चौथी झालो नि बाप गेला, म्हणून मी तिथं गवत कापायला लागलो. मैदान कसलं, अर्धा मुरूम आणि अर्धं काळं वावर. पावसाळ्यात छातीएवढं गवत आणि दिवाळीनंतर सगळं वाळून कडबा. जिथं बॉल घालायचं भोक असते, तिथं बाहेरगावच्या मैदानांवर म्हणे गादीसारखं हिरवं गवत असते. आमच्याकडं प्यायला पाणी नव्हतं, गादीला कुठून आणणार? म्हणून खळं करतात तशी गोल जागा चोपून घ्यायची, तिच्यावर नदीची चाळलेली रेती टाकायची आणि त्या रेतीत गॅरेजमधलं जळकं ऑईल कालवायचं. ऑईलनं रेती उडत नाही आणि बॉल सरळ घरंगळतो. साहेब लोक त्याला ब्राऊन म्हणत. आम्ही रेतीच म्हणायचो.

पण रेतीवर माणूस चालला की पाय उमटतो, आणि उमटलेल्या पायात बॉल अडकतो. म्हणून चार जण खेळून पुढं गेले की मागून येणाऱ्यांसाठी रेती सारखी करून ठेवायची. त्याला लांब बांबू लावलेली फळी असायची, लहानशा वखरासारखी. भोकापासून सुरुवात करायची, गोल गोल फिरत बाहेर यायचं, आणि शेवटी स्वतःचे पाय पुसत मागं मागं निघायचं. तिथं कोणी आलं होतं असं वाटलंच नाही पाहिजे. कोणाचा पाय आहे, बुटाचा की चपलेचा, हे पाहायचं काम नाही. खराब जागा दिसली की फळी फिरवायची. मी म्हातारा होईपर्यंत हेच केलं.

टुर्नामेंट पहिल्यांदा झाली तेव्हा तिला कोणी टुर्नामेंट म्हणत नव्हतं. एका मोठ्या साहेबाची बदली झाली होती, त्याच्या निरोपाची मॅच ठेवली. एका जिनिंगवाल्या सेठनं त्यासाठी चांदीचा मुलामा दिलेला कप आणला. साहेब ती मॅच हरला आणि कप क्लबातच राहिला. पुढच्या माघात साहेब नव्हता पण कप होता, तर म्हणे कपासाठी खेळू. अशी ती दरवर्षीची झाली.

मग सेठ म्हातारा झाला आणि त्याच्या पोरानं बक्षीस लावून प्रोफेशनल लोक बोलावले. त्यांचं पोट त्याच खेळावर. मला वाटलं आता मोटारीतून कोणी सुटाबुटातले उतरतील. बडनेऱ्याला रेल्वेतून उतरून, ऑटोत बॅगा कोंबून जे आले ते दिसायला आमच्यासारखेच, उन्हानं काळे आणि अंगानं वाळलेले. निम्मे तर लहानपणी दुसऱ्यांच्या बॅगा वाहता वाहताच खेळ शिकलेले. त्या पहिल्या वर्षी मेंबर लोक हॉलमध्ये जेवले आणि ज्यांचा खेळ पाहायला सगळे जमले होते ते मागच्या शेडमध्ये आमच्यासोबत.

त्या शेडमध्ये हिचं राज्य होतं. टुर्नामेंटच्या आधी पंधरवडाभर बायांची टोळी रेती चाळायला लागायची, लग्नानंतर ही पण त्यात आली. कणीक मळावी तशी रेती आणि ऑईल मळायची. हाताचा वास महिनाभर जात नव्हता. भाकरीला वास येते म्हणून मी बोललो तर म्हणायची, "टुर्नामेंटले बोला, मले नोका बोलू." आणि शेवटच्या दिवशी गोवऱ्यांच्या आरात कणकेचे रोडगे भाजायला लावायची, वर वांग्याची भाजी. त्या पहिल्या वर्षी त्या बाहेरगावच्या खेळाडूंनी रोडगे फोडून तुपात बुडवून खाल्ले आणि पुढच्या वर्षीपासून हॉलमध्ये बसवले तरी मागच्या दारानं शेडमध्ये येऊ लागले.

त्यातल्या एकाची तर हिच्याशी ओळखच झाली, ती भेगेमुळं. आमच्या काळ्या जमिनीला माघापासून भेगा पडायला लागतात. बॉल घरंगळत गेला आणि भेगेत पडला की तो गेला. म्हणून आमच्या क्लबाचा एक नियम होता, भेगेत गेला तर दुसरा बॉल घ्या, दंड नाही. दुसऱ्या कुठल्या मैदानावर असा नियम नसन. त्या वर्षी या गड्याचा बॉल भेगेत गेला आणि सोबतचा खेळणारा म्हणाला, भेगेतच गेला कशावरून? गवतात असन. वाद लागला. दोघंही तिकडचे, हिंदीत भांडून राहिले. शेवटी या गड्यानं बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात भेगेत घातला. ही कडेला विळा घेऊन बसली होती. म्हणाली, "भाऊ, साप असते त्यात." त्यानं असा हात काढला की मागच्या मागं पडला. सगळे हसले. ही मात्र गंभीर तोंड करून म्हणते, "इथली जमीन आख्खी बैलजोडी गिळते, तुमची गोळी गिळली तं काय नवल? द्या ना त्याले दुसरी." साहेब पण हसले आणि त्याला दुसरा बॉल मिळाला. त्या वर्षी कप त्यानंच जिंकला. पुढं कित्येक वर्षं आला की पहिलं विचारायचा, "वहिनी कहाँ है?" मला कधी विचारलं नाही.

आणखी एक सांगतो, कारण ते तिनं आयुष्यभर सगळ्यांना सांगितलं. लग्नाला वर्ष झालं नसन. फायनलचा दिवस होता आणि ही माझी शिदोरी घेऊन आली. बिचारीला काय माहीत, खळ्यावरून चालावं तशी सरळ रेतीवरून चालत आली. अनवाणी, जोडव्यांच्या खुणांसकट पायांची रांग उमटली. मी शिदोरी घ्यायच्या आधी फळी घेतली आणि तिच्या टाचेमागूनच फिरवत आलो. तिनं मागं वळून पाहिलं तर रेती कोरी. त्यानंतर पाहुणे आले की तिचं एकच, "यायच्या राज्यात मी चाललेली दिसत नाही वो. मी पाय टाकतो अन् हे पुसून टाकतात." लोक हसायचे. मीही हसायचो. मला वाटायचं माझ्या कामाचंच कौतुक करून राहिली.

मधात एका वर्षी गारा पडल्या. संत्र्याएवढ्या म्हणत नाही, पण लिंबाएवढ्या तर होत्याच. रेतीला देवीचे वण पडल्यासारखे झाले. ही आणि मी आणि आणखी चार बायांनी सूर्य डोक्यावर यायच्या आत सगळ्या रेत्या पुन्हा कालवून बसवल्या आणि टुर्नामेंट झाली. दुसऱ्या वर्षी मात्र प्रोफेशनल लोकांनी निरोप पाठवला की आता आम्ही रेतीवर खेळत नाही, सगळीकडं गवत झालं आहे. टुर्नामेंट दुसऱ्या गावाला गेली. कप आमच्या कपाटात आणि खेळ भलतीकडं. मग क्लबानं बोअर मारल्या, पाईप टाकले, रेत्या खणून फेकल्या आणि गवत लावलं. टुर्नामेंट परत आली. माझी नोकरी तेवढ्यात संपली. गवतावर पाय उमटत नाही. उमटला तरी घडीभरात गवत आपोआप उभं होते, माणूस लागत नाही.

तरी मी दरवर्षी जात होतो. कडेच्या खुर्चीवर बसायचो, उन्हं चढली की घरी यायचो. लेक म्हणायची, बाबा, तिथं तुमाले काय आहे? मी चपला घालून निघायचो. पहिल्या दिवशी अंधारातच जाग यायची, आजही येते, कारण तेव्हा सूर्य उगवायच्या आत सगळ्या रेत्या सारख्या झालेल्या लागायच्या.

याच्यावरूनच मायलेकींचं वाजलं. लेकीनं संक्रांतीपासून घोकणं लावलं होतं की आई, तू चार दिवस अकोल्याला ये. हिला जायचं होतं. नवं लुगडं काढून ठेवलं होतं. पण टुर्नामेंट आली आणि मी अकोल्याला येणार नाही म्हणालो. मला सोडून ही जाईना, कारण मला चहासुद्धा धड करता येत नाही. फोन मोठ्यानं लावलेला असते आमचा, मी सगळं ऐकलं.

"बाबाले टुर्नामेंट पाह्यजे, तुले बाबा पाह्यजे. मंग मी कोण लागतो तुमची?"

"अवं बाई, येतो ना. टुर्नामेंट झाली की लगेच येतो."

"दरसाल हेच. येऊच नको मंग. बस तिथंच."

आणि फोन ठेवला. हिनं दोनदा लावला, उचलला नाही. तिसऱ्यांदा मी म्हणालो, राहू दे, उद्या उचलन. त्यानंतरच्या सकाळी आम्ही शेंगा सोलल्या.

लेक दुपारी जीप करून आली. पायरीवरूनच रडत आली. आईच्या गालाला गाल लावून बसली आणि कोणी उठवलं तरी उठेना. आलेल्या प्रत्येक बाईला सांगत होती, "मी येऊ नको म्हणलं तिले. मी म्हणलं येऊ नको." बाया म्हणत, असं माय-लेकीत चालतेच बाई. तिला ते ऐकू जात नव्हतं. दिवस मावळायच्या आत आम्ही पोचवून आलो.

घरी आलो तर माझी मोठी भावजय, भाऊ जाऊन तिला बरीच वर्षं झाली, तिनं जिथं ही गेली ती जागा पुसून घेतली होती. आमच्यात रीत आहे. माणूस गेलं त्या जागी पीठ पसरतात, त्यावर टोपली पालथी घालतात आणि बाजूला दिवा ठेवतात. सकाळी टोपली उचलून पाहतात. पिठावर काही उमटलेलं असते म्हणे. पाखराचा पाय दिसला तर पाखराचा जन्म, गाईचा खूर दिसला तर गाईचा. आणि कधी कधी माणसाचंच पाऊल दिसते, म्हणजे गेलेलं माणूस घर पाहायला येऊन गेलं.

भावजयीनं पीठ पसरलं ते मला पटलं नाही. एका अंगानं जाड, दुसरीकडं फरशी दिसून राहिली होती. मी सारखं करायला हात पुढं केला तर तिनं माझ्या हातावर चापट मारली.

"तुमी हात लावू नका, भाऊजी. हे तुमचं टुर्नामेंट नाही."

"उंदीर फिरतीन त्याच्यावर, आणखी काय होईन?" मी म्हणालो. मला अशा गोष्टी कधी खऱ्या वाटल्या नाहीत.

लेकीनं माझ्याकडं पाहिलं. रडून तिचे डोळे बारीक झाले होते. ती लहान असताना आजारातून उठली की असंच पाहायची.

"मोठ्याई," तिनं भावजयीला विचारलं, "माणूस रागात गेलं असन तं येते काय वो?"

"राग इथीच राह्यते बाई, जळून जाते. यायचं असन तं येते."

"मी नोको म्हणलं तरी?"

"लेकराचं कोणी मनावर घेते काय?"

लेक टोपलीजवळच सतरंजी टाकून बसली. मग मला म्हणाली, "बाबा, तुमी लवकर उठता. मले उठवल्याशिवाय टोपली उचलू नका. पहिले मी पाह्यतो."

मी हो म्हणालो. चांगलं ऐकून, समजून हो म्हणालो.

दुसरा दिवस टुर्नामेंटचा पहिला दिवस होता. ते मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी मनात आणलंही नव्हतं. पण उजाडायच्या आत जाग आली आणि पाय खाटेखाली चपला शोधायला लागले. घडीभर मला काही आठवलंच नाही. मग बाजूची गादी गुंडाळून ठेवलेली दिसली.

आतल्या खोलीत दिव्याची ज्योत फडफडून राहिली होती. तेल संपत आलं होतं. लेक भिंतीशी अंगाचं मुटकुळं करून झोपली होती, तोंड टोपलीकडं. भावजय पलीकडं घोरत होती. दिवा विझू द्यायचा नसतो एवढं मलाही माहीत आहे. मी तेलाची बाटली आणली आणि गुडघ्यावर बसलो. टोपली दिव्याला अगदी चिकटून होती. तेल ओतायला हात जाईना, म्हणून मी ती उचलून बाजूला ठेवली. मनात खरोखर एवढंच होतं की तेल घालू आणि टोपली होती तशी ठेवून देऊ. दिव्यात तेल घातलं, वात पुढं सारली. उजेड मोठा झाला. तेलाचा वास आला.

आणि समोर खराब जागा दिसली.

पिठावर काहीतरी होतं. मधोमध नव्हतं, जराशी दाराच्या अंगाला. खळगा होता, आणि त्याच्या पुढं लहान लहान खळगे. पाऊल होतं की उंदीर फिरला होता की झोपेत लेकीच्या हाताचा धक्का टोपलीला लागला होता, ते मला सांगता येत नाही. हेच तर सांगून राहिलो. मी पाहिलंच नाही. मला फक्त खराब जागा दिसली आणि हात पुढं गेला. तळव्याची कड लावली, मधातून सुरू केलं आणि गोल गोल फिरवत बाहेर आलो. एका अंगानं जाड होतं ते दुसरीकडं ओढून घेतलं. कडेला माझ्या गुडघ्याचा ठसा पडला होता, तो मागं सरकत सरकत पुसला. काम चांगलं झालं. ते चांगलं झालं आहे का हे मी मान वाकडी करून दिव्याच्या उजेडात पाहिलंसुद्धा, जसं सूर्याकडं तोंड करून रेती पाहायचो.

तेव्हा मला कळलं.

मी बसूनच राहिलो. हाताला पीठ लागलं होतं. त्या पिठात पुन्हा काही करता येत नाही. एकदा मनात आलं की दोन बोटांनी काढावं काहीतरी. ते आलं मनात, तेही लिहून टाकतो. तिच्या पायाची बोटं कशी होती, अंगठा मोठा की शेजारचं बोट मोठं, हे मला आठवेना. एवढ्या वर्षांत ती माझ्यासमोर चालली, मग मला दिसली कशी नाही? ती सगळ्यांना हसत हसत सांगायची ते खरंच होतं.

मी टोपली पालथी घातली आणि लेकीला उठवलं.

ती धडपडत उठली. पदर नीट केला, हात जोडले, आणि दोन्ही हातांनी टोपली उचलली. मी तिच्या मागं उभा होतो. तिची मान मला दिसत होती.

"काहीच नाही," ती म्हणाली.

भावजय उठून आली. वाकून पाहिलं. "कोरं हाय. मोकळी झाली बाई. कुठी अडकली नाही." मग ती आणखी वाकली. पिठावरून तिची नजर इकडून तिकडं गेली. तिनं काल कसं पसरलं होतं ते तिला माहीत होतं. तिनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं आणि मग माझ्या हाताकडं. मी हात मागं घेतला. तिनं लेकीच्या हातातली टोपली काढून घेतली. त्यापेक्षा तिनं मला चार लोकांत शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मी येऊ नको म्हणलं," लेक म्हणाली, "म्हून नाही आली ती. नाही आली ना, बाबा?"

तेव्हा सांगायला पाहिजे होतं. दोन शब्दांचं काम होतं. आली असन, बाई, मी पुसलं. लेक ओरडली असती, कदाचित माझं तोंड पाहिलं नसतं. पण तिला एवढं तर कळलं असतं की पीठ कोरं नव्हतं. माझ्या तोंडून दुसरंच निघालं.

"नसन आली."

आणि मी मागच्या दारानं निघालो. अंगणात कालचं सूप तसंच होतं, दाण्यांवर टोपी. मोरीवर जाऊन हात धुतले. पिठाला पाणी लागलं तर त्याचा चिकटा झाला, रेषांत बसला, निघेना. दगडावर घासून घासून धुतले. कॅम्पाच्या बाजूनं लाऊडस्पीकर लागला, पहिल्या खेळाडूंना बोलावून राहिले होते. आतून लेकीचा आवाज आला, बसलेला, पण नेहमीसारखाच.

"बाबा, चहा ठेवू काय?"

"ठेव," मी म्हणालो, आणि हात धोतराला पुसले.